मेनूची मांडणी आपल्या हाताने

आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत एक संगणक आला, त्याची ही हकिकत आहे. गाव गडचिरोली जिल्ह्यातले, जंगलाला लागून असलेले. अभ्यासिका म्हणजे विहाराच्या मागची एक खोली. दोन लोखंडी कपाटे, एक लांब टेबल, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर. चंद्रपूरच्या वीज केंद्रात नोकरीला असलेल्या गावच्याच एका दादांनी घरातला जुना संगणक पोरांसाठी आणून दिला. त्या दिवशी वंदना झाली, चिवडा-पेढे वाटले, सर्वांना आनंद झाला. आणि पुढचे तीन महिने त्या संगणकाला चार पोरांखेरीज कोणाचा हात लागला नाही.

बचत गटाच्या सचिव असलेल्या ताई एके दिवशी दारातूनच संगणकाकडे पाहत उभ्या होत्या. आम्ही म्हटले, "या ताई, बसा." त्या म्हणाल्या, "हे आपल्याले जमत नाही जी. ह्याच्यात कुठी का आहे ते समजतच नाही."

वाचकहो, या ताई दहावी पास आहेत. अकरा वर्षे गटाची वही त्याच लिहितात. त्यांच्या वहीत एका रुपयाची चूक सापडायची नाही. परंतु मासिक हिशेब छापील हवा म्हणून तो तालुक्याच्या एका दुकानातून टाइप करून आणावा लागे. एका महिन्यात एका बाईचा २०० रुपयांचा हप्ता कागदावर आलाच नाही. वहीत होता, छापील कागदात नव्हता. त्यावरून दोन बैठका भांडणात गेल्या. चूक टाइप करणाऱ्याची, बोलणी मात्र ताईंनी खाल्ली. आणि ती चूक दुरुस्त करू शकेल असे यंत्र विहारात धूळ खात होते.

अडचण कुठे होती? आम्ही ताईंना खुर्चीवर बसवले आणि मेनू उघडला. पडद्यावर इंग्रजी नावांची यादी आली. ॲक्सेसरीज, ग्राफिक्स, इंटरनेट, ऑफिस, सिस्टिम टूल्स. हिशेबाचा प्रोग्राम 'ऑफिस'च्या आत, त्याचे नाव 'कॅल्क'. इंटरनेटच्या आत 'फायरफॉक्स'. त्याचे चित्र पाहून ताई हसल्या. "हा कोल्हा कायले ठेवला?" प्रश्न गमतीचा होता, पण त्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

पाटी कोणी लिहिली?

खानावळीत पदार्थांची पाटी असते, तिला इंग्रजीत मेनू म्हणतात. संगणकातील कामांच्या यादीलाही तेच नाव पडले. फरक एवढाच, की खानावळीची पाटी मालकाची असते, गिऱ्हाइकाने ती पुसायची नसते. संगणकाची पाटी मात्र वापरणाऱ्याला पुसता येते. नावे बदलता येतात, क्रम बदलता येतो, नको ते झाकता येते, हवे ते नव्याने लिहिता येते. हे फार थोड्यांना ठाऊक असते. पडद्यावर जे दिसते ते जन्मजात तसेच आहे, असे आपण धरून चालतो.

'जन्मजात' या शब्दाचा आपल्या समाजाला चांगला अनुभव आहे. चहाच्या दुकानाबाहेर वेगळी टांगलेली कपबशी आपल्या आजोबांनी पाहिली. ती तिथे आपोआप उगवली नव्हती. कोणीतरी टांगली होती, म्हणूनच ती काढताही आली. संगणकाचा मेनू आणि ती कपबशी यांची बरोबरी नाही. कोणी आपला अपमान करावा म्हणून मेनू इंग्रजीत लिहिलेला नाही. परंतु प्रश्न विचारण्याची सवय तीच ठेवावी. कुठलीही मांडणी दिसली की विचारावे, ही कोणी केली, कोणासाठी केली, आणि ती बदलता येते का?

घरात आपण हेच करतो. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर मीठ-तिखटाचे डबे हाताशी, पापडाचा डबा वर, पाहुण्यांची भांडी मागे. जी बाई स्वयंपाक करते, तिच्या हाताला सोयीची ती मांडणी. मग संगणकाची मांडणी दूरदेशीच्या माणसाने लावून दिली तशीच का राहावी?

आत काय असते?

आमच्या यंत्रावर 'लिनक्स मिंट' ही मोफत प्रणाली आहे. ती घालण्यास एक तारीख कारणीभूत झाली. १४ ऑक्टोबर ही तारीख आपल्याला १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेमुळे पाठ आहे. योगायोगाने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' ची नियमित देखभाल थांबवली. अनेक जुन्या संगणकांवर पुढची 'विंडोज ११' बसत नाही. आमचाही त्यातलाच. भंगारात जाण्याऐवजी तो लिनक्सवर चालू लागला.

लिनक्सवर मेनूतल्या प्रत्येक नावामागे साध्या मजकुराची एक छोटी फाइल असते. तिच्या नावाच्या शेवटी 'डॉट डेस्कटॉप' लिहिलेले असते. त्यातल्या ओळी साध्या आहेत. 'नेम' म्हणजे मेनूत दिसणारे नाव. 'कॉमेंट' म्हणजे त्याची थोडक्यात माहिती. 'एक्झेक' म्हणजे कोणता प्रोग्राम चालवायचा ती आज्ञा. 'आयकॉन' म्हणजे चित्र. 'कॅटेगरीज' म्हणजे ते कोणत्या कप्प्यात ठेवायचे. 'नो-डिस्प्ले' या ओळीपुढे 'ट्रू' लिहिले की प्रोग्राम यंत्रात राहतो, परंतु यादीत दिसत नाही.

'नेम'च्या खाली निरनिराळ्या भाषांच्या ओळी असू शकतात. चौकटी कंसात भाषेची खूण असते. मराठीची खूण 'एम' आणि 'आर' ही दोन इंग्रजी अक्षरे. संगणक मराठीत लावला असेल तर तो आधी ही ओळ शोधतो. सापडली तर मराठी नाव दाखवतो, नसली तर मूळ इंग्रजी. म्हणून पुष्कळदा अर्धा मेनू मराठीत आणि अर्धा इंग्रजीत दिसतो. ज्याची ओळ कोणीतरी बसून लिहिली, त्याचे नाव मराठीत आले.

अशा ओळी लिहिणारी माणसे महाराष्ट्रात आहेत. 'ग्नोम' आणि 'केडीई' या मुक्त प्रणालींचे मराठीकरण अनेकांनी केले, त्यात स्वयंसेवकही होते. सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली काढली, तिच्यात मराठीही आहे. २००८ मध्ये 'फ्युएल' नावाचा प्रकल्प सुरू झाला. मेनूत वारंवार येणाऱ्या शब्दांना त्या त्या भाषेच्या लोकांनी एकत्र बसून प्रतिशब्द ठरवावेत, असा त्याचा हेतू. हे मोलाचे काम आहे. परंतु आपल्या गावच्या बायांच्या तोंडचा शब्द मेनूत यायचा असेल, तर तो आपल्यालाच लिहावा लागेल.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. या फाइली दोन ठिकाणी असतात. एक प्रत सर्वांसाठी, ती यंत्राच्या सामायिक जागेत. दुसरी प्रत ज्याच्या त्याच्या खात्यात. आपण मेनू बदलला की बदल आपल्या खात्यातल्या प्रतीत होतो, आणि आपल्यापुरती तीच प्रत चालते. सामायिक प्रतीला धक्का लागत नाही. आपली प्रत काढून टाकली की पहिले नाव परत येते. म्हणजे काही बिघडेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

आमची चूक

हे कळल्यावर अभ्यासिकेतल्या पोरांनी आणि आम्ही मिळून उत्साहाने कामाला सुरुवात केली. एका रविवारी गटाच्या बायांसाठी नवे खाते उघडले आणि मेनू मराठीत केला. इंटरनेटच्या प्रोग्रामला 'महाजाल न्याहाळक', लिहिण्याच्या प्रोग्रामला 'दस्तऐवज संपादक', हिशेबाला 'कोष्टक अनुप्रयोग'. बाकी सर्व झाकून टाकले, बायांचा गोंधळ नको म्हणून. संध्याकाळी ताईंना मोठ्या अभिमानाने बोलावले.

ताईंनी वाचले आणि म्हणाल्या, "पह्यले इंग्रजी होतं, आता पोथी झाली जी."

आम्ही गप्प झालो. त्यांनी पुढे विचारले, "त्या दिवशी तर बरंच काही होतं ह्याच्यात. बाकीचं कुठी गेलं?" एक पोरगा म्हणाला, "ताई, ते तुम्हाला लागत नाही, म्हणून झाकलं." त्यावर ताई शांतपणे म्हणाल्या, "लागते का नाही लागत, ते आम्ही सांगू ना. तुम्ही कायले ठरवता?"

हे वाक्य आम्ही विसरणार नाही. दुसऱ्याने लावलेली मांडणी आम्ही मोडायला निघालो होतो, आणि स्वतःच दुसऱ्यांसाठी मांडणी लावून बसलो होतो. काय दिसावे आणि काय झाकावे हे ज्याच्या हाती, त्याच्याकडे सत्ता असते. मेनू लहान असला तरी ही गोष्ट लहान नाही.

पुढच्या रविवारी गटाच्या नऊ बाया आल्या. संगणक बंद ठेवून एका कोऱ्या कागदावर आधी कामे लिहिली. तुम्हाला काय काय करायचे आहे? नावेही त्यांनीच सांगितली. 'गटाचा हिशेब'. 'अर्ज लिहिणे'. 'कागदाचा फोटो', म्हणजे स्कॅनर. 'पोरांचे फॉर्म', म्हणजे शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ. 'बाबासाहेबांचे खंड', ज्यात महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेल्या लेखन-भाषणांच्या खंडांपैकी आमच्यापाशी असलेले खंड आहेत. 'गाणी'. आणि शेवटचा कप्पा 'बाकी सगळं'. त्यात उरलेले सर्व ठेवले, काहीही झाकले नाही.

'गटाचा हिशेब' या नावावर टिचकी मारली की नुसता प्रोग्राम उघडत नाही, गटाची फाइलच उघडते. असे करता येते, कारण आज्ञेच्या ओळीत प्रोग्रामच्या पुढे फाइलीचा पत्ता लिहिता येतो. ताईंना 'कॅल्क' हे नाव आजही लक्षात नाही. ते लक्षात ठेवण्याची गरजही नाही. आता त्या वही शेजारी ठेवून स्वतः आकडे भरतात, बेरीज पडताळतात, आणि कागद छापण्यापूर्वी दोघी जणी वाचून पाहतात. एकदा चुकीचा आकडा पडला. कोणाला विचारावे लागले नाही, पुसला आणि पुन्हा लिहिला.

आपापल्या बोलीत

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या दोन भिक्खूंनी तथागतांना विनंती केली, की आपली वचने वैदिक छंदाच्या भाषेत बांधावीत, नाहीतर निरनिराळ्या कुळांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलण्याने ती बिघडवतात. तथागतांनी ती विनंती नाकारली. लोकांनी आपापल्या भाषेत धम्म शिकावा, असाच त्या आज्ञेचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. बाबासाहेबांनीही मोठमोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले, परंतु आपल्या माणसांशी बोलण्यासाठी १९२० मध्ये 'मूकनायक' आणि १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' काढले ते मराठीत. ज्याच्यासाठी सांगायचे त्याच्या तोंडची भाषा, हा धडा आपल्या परंपरेत जुना आहे. आमच्या 'महाजाल न्याहाळका'ला तो लागू होता.

आणि आपल्याकडे भाषा एकच नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत झाडीबोली आहे, गोंडी आहे, माडिया आहे. अभ्यासिकेत शेजारच्या टोल्यावरची एक गोंड मुलगी दहावीचा अभ्यास करायला येते. तिने स्वतःचे खाते उघडून घेतले आणि मेनूतली नावे देवनागरीत पण गोंडीत लिहिली. गोंडी घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. तिच्या दोन लिप्यांना, मसराम गोंडीला २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडीला २०१८ मध्ये, युनिकोड या जागतिक सांकेतिक प्रणालीत जागा मिळाली. परंतु स्वतःच्या खात्यातला मेनू बदलायला कोणत्याही अनुसूचीची परवानगी लागत नाही. एकाच यंत्रावर ताईंचा मेनू वेगळा, तिचा वेगळा. दोघींचे काम होते, कोणीच कोणाला अडत नाही.

वनहक्काचा कप्पा

गेल्या महिन्यात बायांनी मेनूत एक नवा कप्पा करायला लावला, 'वनहक्क'. यामागे मोठे कारण आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासी कुटुंबांना आणि इतर पारंपरिक वननिवासींना हक्क मिळतो. आपली बौद्ध कुटुंबे अनुसूचित जमातीत येत नसल्याने त्यांना दुसऱ्या वर्गातून दावा करावा लागतो. त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तिथला रहिवास आणि उपजीविकेसाठी जंगलावर किंवा वनजमिनीवर अवलंबून असणे दाखवावे लागते. एवढा जुना कागद मोहफुले आणि तेंदूपत्ता वेचणाऱ्या घरात कुठून असणार? परंतु नियमांत अनेक प्रकारचे पुरावे मान्य आहेत, आणि दावेदाराखेरीज गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन हाही त्यातला एक आहे. एकाहून अधिक पुरावे जोडावे लागतात.

म्हणून त्या कप्प्यात तीनच नावे आहेत. 'जुना कागद जपणे', म्हणजे स्कॅनर. 'आजा-आजीचे निवेदन', म्हणजे कोरा नमुना उघडणारी फाइल. 'कायदा वाचणे', म्हणजे कायदा आणि नियमांची प्रत. यंत्राने दावा मंजूर होत नाही. त्याचा निर्णय ग्रामसभेपासून जिल्हा समितीपर्यंतच्या पायऱ्यांवर होतो. परंतु पेटीतला पिवळा पडलेला कागद वाळवीने खाण्यापूर्वी त्याची प्रत निघाली, आणि आजीचे बोलणे तिच्या हयातीत लिहून झाले, हे काही थोडे नाही.

आपल्या विहारात कसे कराल?

१) ज्यांना हवे त्यांना वेगळे खाते उघडून द्या. एकाचा बदल दुसऱ्याला त्रासदायक होत नाही.

२) सेटिंगमध्ये भाषा मराठी निवडा, बाहेर पडून पुन्हा आत या. टाइप करण्यासाठी 'इनस्क्रिप्ट' कळफलक लावा. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात, म्हणून लवकर बसतो.

३) मेनूच्या बटणावर माउसचे उजवे बटण दाबा. बहुतेक लिनक्स प्रणालींत तिथे मेनू बदलण्याचा पर्याय मिळतो. काहींत तो मेनूच्या सेटिंगमध्ये असतो.

४) नाव आणि माहिती बदला. आज्ञेची ओळ, म्हणजे 'कमांड', समजल्याशिवाय बदलू नका. ती बिघडली तर टिचकी मारून काहीच उघडत नाही.

५) नाव बदलूनही जुनेच दिसत असेल, तर त्या फाइलीत मराठीची वेगळी ओळ आहे असे समजा. तीच ओळ बदला. फाइलींची आपली प्रत घरच्या फोल्डरमधील लपलेल्या जागेत असते. फोल्डर उघडून कंट्रोल आणि एच या कळा एकत्र दाबल्या की लपलेले दिसू लागते.

६) एखादी फाइल थेट उघडायची असेल तर नवी नोंद करा. आज्ञेत प्रोग्रामचे नाव, मग मोकळी जागा, मग फाइलीचा पूर्ण पत्ता. फाइलीच्या नावात मोकळी जागा ठेवू नका, काम सोपे जाते.

७) ज्यांच्याकडे विंडोज आहे त्यांनीही निराश होऊ नये. प्रोग्रामचा शॉर्टकट पडद्यावर आणून एफ-टू ही कळ दाबली की त्याचे नाव मराठीत लिहिता येते. 'स्टार्ट'मध्ये हवे ते प्रोग्राम खिळवून ठेवता येतात, नको ते काढता येतात. प्रोग्राम त्यामुळे पुसला जात नाही.

८) आणि सर्वांत पहिली पायरी शेवटी सांगतो, म्हणजे लक्षात राहील. आधी कागद घ्या. जे वापरणार आहेत त्यांना बसवा, त्यांची कामे लिहा, नावे त्यांच्या तोंडून घ्या. संगणक त्यानंतर सुरू करा.

गेल्या पौर्णिमेला शेजारच्या गावचे काही कार्यकर्ते विहारात आले होते. त्यांच्याकडेही एक यंत्र पडून आहे. आमचा मेनू पाहून त्यांना फार आवडला. "हाच आम्हाला पेनड्राइव्हवर भरून द्या," असे ते म्हणाले. देणे अवघड नव्हते, एका फोल्डरची प्रत काढायची होती. पोरगा उठलाही. तेवढ्यात ताई म्हणाल्या, "न्या जी, खुशाल न्या. पण लावाच्या आधी तुमच्या बायांले पुसा."